ही उघडायची कधी?

टेबलाच्या मधोमध बाटली ठेवलेली होती आणि तिच्याभोवती पंचविशी ते तिशीतली सहा माणसे बसली होती. बारा वर्षे पिंपात मुरलेली व्हिस्की, जाड बुडाची काच, कॉर्कचे बूच, सोनेरी किनारीचे लेबल आणि त्यावर वळणदार अक्षरांत संस्थापकाची सही, असा तिचा थाट होता. गटचर्चेच्या त्या खोलीत मी कोपऱ्यात वही घेऊन बसले होते. बाटली हातोहात फिरत एका सत्तावीस वर्षांच्या मुलीपर्यंत आली. तिने उचलताना आधी वजनाचा अंदाज घेतला, बुडाखाली तळहात धरला, लेबल शेवटच्या ओळीपर्यंत वाचले, बूच बोटाने किंचित हलवून पाहिले, आणि परक्या घरातली वस्तू सांभाळून जागेवर ठेवावी तशी ती पुन्हा टेबलावर ठेवली. चर्चा चालवणाऱ्या माझ्या सहकाऱ्याने विचारले, "कशी वाटली तुम्हाला?" ती म्हणाली, "छान आहे. आमच्या बाबांकडे आहे अशीच. पण सर, ही उघडायची कधी?"

बाकीचे पाच जण हसले आणि चर्चा पुढे सरकली. मी वहीत 'बाबांकडे आहे' हे शब्द अधोरेखित केले आणि प्रश्न मात्र लिहून घेतला नाही. पुढचे चार महिने आम्ही जे काम केले ते त्या अधोरेखित शब्दांच्या आधारे केले, आणि ते जवळजवळ सगळे वाया गेले.

ब्रँडची प्रतिमा आणि जाहिराती घडवणे हा आमचा धंदा. आमच्याकडे हे काम आले तेव्हा या व्हिस्कीची विक्री कोसळलेली नव्हती. घेणारी माणसे निष्ठावान होती, दुसऱ्या ब्रँडकडे सहसा वळत नव्हती, फक्त त्यांचे सरासरी वय दर वर्षी जवळपास एका वर्षाने वाढत होते. याचा अर्थ एकच निघतो: तीच माणसे विकत घेत आहेत आणि त्यांच्या मागून कोणी येत नाही. महागड्या मद्याच्या ब्रँडच्या बाबतीत हा आजार फार उशिरा लक्षात येतो, कारण वय वाढते तशी माणसाची मिळकतही बहुधा वाढते आणि त्यामुळे विक्रीचे आकडे बरीच वर्षे चांगले दिसत राहतात. आकडे बिघडायला लागतात तेव्हा तरुणांची एक अख्खी पिढी दुसरीकडे स्थिरावलेली असते. कंपनीला हे वेळेवर उमगले होते, याचे श्रेय तिला द्यायला हवे. पण तिच्या ब्रीफची, म्हणजे काय हवे ते सांगणाऱ्या टिपणाची, पहिलीच ओळ 'ब्रँड तरुण करायचा आहे' अशी होती आणि ती ओळ मी शब्दशः घेतली.

आम्ही सोनेरी किनार काढली. सहीच्या जागी ठळक, सरळ अक्षरे आणली, बाटलीला मॅट काळा रंग दिला आणि बारा वर्षांचा उल्लेख लेबलवरून उचलून मानेवरच्या पट्टीत बारीक अक्षरांत नेला, कारण वय म्हणजे म्हातारपण असे आमचे गणित होते. जाहिरातीच्या ओळी तरुणांच्या मोबाइलवरच्या बोलीत लिहिल्या. ते सगळे घेऊन आम्ही पुन्हा तशाच एका गटासमोर बसलो. एका मुलाने नवी बाटली हातात घेतली, दोन-तीनदा फिरवली आणि विचारले, "हिच्यावर बारा वर्षं कुठे लिहिलंय?" सहकाऱ्याने मानेवरची पट्टी दाखवली. तो म्हणाला, "मग लपवलंय कशाला? तेवढंच तर आहे हिच्यात." त्याच आठवड्यात जुन्या ग्राहकांच्या गटात एका साठीच्या गृहस्थांनी तीच बाटली पाहिली आणि अगदी हळू आवाजात एवढेच विचारले, "आतला माल तोच आहे ना हो?" त्यांचा तो स्वर मला अजून आठवतो. ज्या माणसाने तीस वर्षे विश्वास ठेवला त्याच्या मनात आम्ही संशय पेरला होता, आणि ज्याच्यासाठी पेरला त्यालाही ते नको होते.

त्यानंतर मी ब्लेंडरांना, म्हणजे वेगवेगळ्या पिंपांतल्या व्हिस्की मिसळून चव जुळवणाऱ्या गृहस्थांना, भेटायला गेले. हे मी सर्वांत आधी करायला हवे होते. आमच्या धंद्यात ब्रँडवर काम करणारी माणसे अनेकदा आतला द्रव तयार करणाऱ्या माणसाला भेटतच नाहीत, आणि प्रीमियम हा शब्द लेबलवर छापता येतो असे समजून चालतात. ते गृहस्थ मला पिंपांच्या गोदामात घेऊन गेले. आत थंडावा होता, ओल्या लाकडाचा आणि किंचित आंबूस फळांचा वास होता, आणि पिंपांच्या तोंडांवर भरण्याचे वर्ष लिहिलेले होते. त्यांनी मला जे समजावले ते व्हिस्कीच्या जाणकारांना ठाऊक असते, मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा खऱ्या अर्थाने कळले. स्कॉचला, म्हणजे स्कॉटलंडच्या व्हिस्कीला, कायद्याने किमान ३ वर्षे ओकच्या पिंपात राहावे लागते. बाटलीवर १२ असा आकडा असेल तर तो मिश्रणातल्या सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचे वय सांगतो, सरासरी सांगत नाही. म्हणजे आत त्याहून जुनी व्हिस्की असू शकते, त्याहून एक दिवसही नवी असू शकत नाही. शिवाय स्कॉटलंडच्या हवेत दर वर्षी सुमारे २ टक्के द्रव लाकडातून उडून जातो, ज्याला या व्यवसायात देवदूतांचा वाटा म्हणतात. "ताई," ते म्हणाले, "तुम्ही लेबल तीन महिन्यांत बदलाल. मला जर आज सांगितलंत की तरुणांना जरा हलकी चव हवी, तर माझं उत्तर बारा वर्षांनी मिळेल."

परत येताना मी हिशोब करत होते. त्या सत्तावीस वर्षांच्या मुलीने हातात घेतलेली व्हिस्की पिंपात भरली गेली तेव्हा ती पंधरा वर्षांची किंवा त्याहून लहान होती. तिच्यासाठी म्हणून ती बनवलेलीच नव्हती. दारूच्या पिंपावर कोणत्याही पिढीचे नाव लिहिलेले नसते आणि जी गोष्ट आधीच बनून बसली आहे तिला तरुण करता येत नाही. बदलता येते ती फक्त त्या गोष्टीची माणसाच्या आयुष्यातली जागा. तेव्हा मला पहिल्या दिवसाचा तो न लिहिलेला प्रश्न आठवला. त्या मुलीची तक्रार ब्रँड म्हातारा आहे अशी नव्हतीच. तिला बाटली आवडली होती. तिच्या आठवड्यात, तिच्या मित्रमैत्रिणींत, तिच्या घरात ती बाटली उघडण्यासारखी वेळ कोणती, हे तिला कोणी सांगितलेले नव्हते. तिच्या वडिलांना ते आपोआप कळत होते.

या दृष्टीने पाहायला लागल्यावर या व्यवसायातल्या जुन्या कथा मला वेगळ्या दिसू लागल्या. जॉनी वॉकर या स्कॉच व्हिस्कीचे चिन्ह असलेला चालणारा माणूस टॉम ब्राउन या चित्रकाराने १९०८ मध्ये रेखाटला. टोपी, घट्ट कोट, उंच बूट, हातात काठी, असा तो एका जमान्याचा सभ्य गृहस्थ होता. विसाव्या शतकाच्या अखेरीस या ब्रँडलाही उतरण लागली होती आणि १९९९ मध्ये 'चालत राहा' या आशयाची मोहीम सुरू झाली. तिची चर्चा बहुतेक वेळा घोषवाक्यापाशी थांबते. मला त्यातली सर्वांत हुशारीची गोष्ट अगदी लहान वाटते. त्या सुमारास त्या माणसाचे तोंड फिरवले गेले. आधी तो उजवीकडून डावीकडे चालत असे, आता डावीकडून उजवीकडे चालू लागला, म्हणजे वाचणाऱ्याची नजर ज्या दिशेने जाते त्या दिशेने. चौकोनी बाटली तशीच राहिली, तिरके लेबल तसेच राहिले, टोपी आणि काठीही राहिली. पूर्वी ती व्हिस्की पोहोचलेल्या माणसाची होती, मोठे पद मिळाल्यावर समोर ठेवायची. आता ती निघालेल्या माणसाची झाली. पंचविशीतल्या कोणाकडेही पोहोचल्याचा पुरावा नसतो, पण निघालेला तर प्रत्येक जण असतो. मधल्या एखाद्या टप्प्यावरही ती बाटली उघडण्याचे कारण त्या एका वळणाने तयार झाले, आणि पन्नाशीतल्या ग्राहकाला आपण बाहेर ढकलले गेलो असे वाटण्यासारखे त्यात काहीच नव्हते.

याच्या उलट टोकाला येगरमायस्टर आहे. जर्मनीतल्या वोल्फेनब्युटेल गावात १९३५ मध्ये बाजारात आलेले, ५६ वनस्पतींचा अर्क असलेले, जेवणानंतर पचनासाठी घोटभर घ्यायचे हे मद्य. अमेरिकेत त्याचे आयातदार सिडनी फ्रँक यांच्या लक्षात १९८० च्या दशकात आले की लुइझियानातले महाविद्यालयीन विद्यार्थी ते शॉट म्हणून पितात. त्यावर एका स्थानिक वृत्तपत्रात आलेल्या लेखाच्या प्रती काढून त्यांनी त्या बारमध्ये पसरवल्या आणि पुढे हे नाव पार्टीचेच नाव झाले. विक्रीच्या दृष्टीने ही असामान्य कामगिरी आहे आणि तिचा अभ्यास व्हायला हवा. पण इथे प्रसंग निवडला गेला तो एका दमात घशाखाली ओतण्याचा, जिथे चवीला थारा नसतो. पुढे त्याच कंपनीला वनस्पती, पिंपे आणि कारागिरी यांविषयी लोकांना नव्याने सांगत बसावे लागले. माझ्या क्लायंटच्या एका तरुण अधिकाऱ्याला हेच उदाहरण फार आवडत असे. मी त्याच्याशी पुन्हा पुन्हा वाद घातला, कारण माणसे वस्तू ज्या वेगाने पिऊ लागतात त्याच वेगाने ती वस्तू त्यांच्या मनातून उतरते असे मला वाटते, आणि त्याहून मोठे कारण असे की त्या वेगाने पिणारी माणसे कोणाची तरी मुले असतात.

मला खरे शिकवले ते जपानच्या हायबॉलने, म्हणजे उंच पेल्यात सोडा घालून दिलेल्या व्हिस्कीने. जपानमध्ये व्हिस्कीचा खप १९८३ मध्ये शिखरावर होता आणि त्यानंतर जवळजवळ पाव शतक तो घसरत गेला. व्हिस्की म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्यांनी जेवण आटोपल्यावर दुसऱ्या ठिकाणी बसून घ्यायची गोष्ट, अशी तिची प्रतिमा घट्ट बसली होती आणि तरुण माणूस ऑफिसनंतर मित्रांबरोबर बसला की आधी बिअर मागवत असे. २००८ च्या सुमारास सन्टोरी या कंपनीने काकुबिन ही आपली १९३७ पासूनची व्हिस्की हाताशी घेतली आणि तिचे बाह्यरूप जवळपास होते तसेच ठेवले. कासवाच्या पाठीसारखी नक्षी असलेली ती चौकोनी बाटली आजही ओळखता येते. बदलले ते पेले. उंच, दांड्याचा, बिअरच्या मगसारखा पेला. तो तोंडापर्यंत बर्फाने भरायचा, एक भाग व्हिस्की, चार भाग थंडगार सोडा, वर लिंबू पिळायचे आणि एकदाच हलवायचे. सोड्याच्या दाबासह हायबॉल थेट नळातून देणारी यंत्रे भोजनगृहांत बसवली गेली, ते कसे करायचे हे तिथल्या कामगारांना शिकवले गेले, आणि जेवणानंतरची व्हिस्की उठून जेवणाबरोबरच्या जागेवर येऊन बसली.

ही मोहीम मी खूप दिवस डोळ्यांसमोर ठेवली. चार भाग सोडा घातल्यावर पेल्यातल्या मद्याचे प्रमाण तीव्र बिअरच्या आसपास येते, त्यामुळे संध्याकाळ लांबते, गप्पा होतात, आणि पिणाऱ्याला आपण नवखे आहोत याची लाज वाटत नाही. व्हिस्की नुसतीच प्यावी, पाणी घालणे म्हणजे अपमान, असे सांगणारे पहारेकरी या व्यवसायात पुष्कळ आहेत. त्यांच्या भीतीने किती तरुण माणसे पहिल्याच घोटाला ठसकून परत गेली असतील याचा विचार मला अस्वस्थ करतो. खुद्द ब्लेंडर मंडळी नमुने तपासताना व्हिस्कीत पाणी घालतात हे त्या पहारेकऱ्यांना बहुधा ठाऊक नसते.

जपानच्या या यशाची किंमतही मोजावी लागली. खप घसरत असलेल्या वर्षांत कारखानदारांनी साहजिकच कमी व्हिस्की पिंपांत भरली होती. मागणी परतली तेव्हा जुना साठा अपुरा पडू लागला, आणि २०१८ मध्ये सन्टोरीला हाकुशू १२ आणि हिबिकी १७ या दोन नामांकित व्हिस्कींची विक्री थांबवावी लागली. सतरा वर्षांपूर्वी न भरलेले पिंप कोणत्याही जाहिरातीने भरता येत नाही. शार्त्रूज या फ्रेंच मद्याच्या वाट्याला असाच प्रसंग आला, जेव्हा कॉकटेलच्या नव्या पिढीने ते हिरवे मद्य डोक्यावर घेतले. ते तयार करणाऱ्या कार्थुसियन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंनी उत्पादन न वाढवण्याचे ठरवले, कारण वाढवले असते तर त्यांच्या एकांताला आणि प्रार्थनेला धक्का लागला असता. मला त्या निर्णयाविषयी आदर वाटतो.

आणि एक उदाहरण मी प्रत्येक क्लायंटला सांगते. रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर याच्यासाठी १८७६ मध्ये तयार झालेली क्रिस्टल शॅम्पेन हिप-हॉपच्या कलाकारांनी स्वतः होऊन आपलीशी केली होती. २००६ मध्ये तिच्या निर्मात्या कंपनीच्या प्रमुखांनी या चाहत्यांविषयी विचारल्यावर दिलेले उत्तर अवहेलनेचे वाटले, जे-झी या गायकाने ती शॅम्पेन सोडली आणि पुढे दुसऱ्याच एका शॅम्पेनचा तो मालक झाला. तरुण ग्राहक आपणहून दारात आला आणि दारातच त्याला परका ठरवले गेले, याहून जास्त त्यावर बोलण्याची गरज पडत नाही.

आता ज्या गोष्टीमुळे मला या कामात रात्री झोप लागत नसे तिच्याविषयी लिहायला हवे. तरुण हा शब्द आमच्या सादरीकरणांत फार सैलपणे वापरला जातो. आम्ही पंचवीस म्हणतो, पण पंचविशीच्या माणसाला जे आकर्षक वाटते ते सतरा वर्षांच्या मुलाला त्याहून जास्त आकर्षक वाटते, कारण त्याला पंचवीस वर्षांचे व्हायचे असते. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकाच्या मध्यास लिंबू सरबतासारखी गोड, रंगीत मद्ये बाजारात आली आणि ती शाळकरी मुलांना ओढतात म्हणून मोठे वादळ उठले; जर्मनीने अशा पेयांवर २००४ मध्ये वेगळा कर बसवला. ब्रिटनच्या जाहिरात नियमांनुसार मद्याच्या जाहिरातीत पिताना दिसणारी व्यक्ती २५ वर्षांपेक्षा लहान असता कामा नये आणि तशी दिसताही कामा नये. हा नियम मला पूर्वी अडचणीचा वाटत असे, आता तो मला किमान मर्यादा वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार २०१९ या एका वर्षात जगभर २६ लाख मृत्यू मद्यामुळे झाले आणि मद्यामुळे होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण २० ते ३९ या वयोगटात सर्वाधिक, म्हणजे १३ टक्के आहे. आमच्या ब्रीफमधला वयोगट नेमका तोच आहे. हा आकडा मी सादरीकरणाच्या दुसऱ्या पानावर घातला, क्लायंटने तो काढायला सांगितला, मी तो काढला नाही, आणि शेवटी तो राहिला.

त्यातून आमच्या कामाला एक दिशाही मिळाली. आजची तरुण माणसे मद्याविषयी आमच्या पिढीपेक्षा अधिक विचार करतात असे मला त्या गटांत बसून वाटले. त्यांच्यापैकी दोघे महिन्यातून एखाद्याच वेळी पीत होते आणि त्याचे त्यांना स्पष्टीकरण द्यावेसे वाटत नव्हते. हायनेकेनसारख्या मोठ्या कंपनीने २०१७ मध्ये आपल्याच नावाची मद्यविरहित बिअर आणली ती याच ग्राहकाकडे पाहून. क्वचित पिणारा माणूस प्रीमियम ब्रँडसाठी वाईट ग्राहक नसतो. तो कमी घेतो, पण निवडून घेतो, आणि बाटलीवर बारा का लिहिले आहे ते विचारतो. त्याला जास्त प्यायला लावून वाढवलेली विक्री मला नको होती. ती नको असूनही ब्रँड जगू शकतो हे दाखवणे मला माझे काम वाटू लागले.

दुसऱ्या फेरीत आम्ही सोनेरी किनार आणि सही परत आणली, फक्त १२ हा आकडा मोठा केला. साठीचे ते गृहस्थ त्यामुळे निश्चिंत झाले असतील अशी आशा आहे. मोठ्या बाटलीबरोबर एक लहान बाटली सुचवली, कारण मोठी बाटली उघडणे हाच तरुण घरात एक निर्णय होऊन बसतो आणि उघडली की संपवण्याचे दडपण येते. बारटेंडरांसाठी आम्ही दोन दिवसांचे प्रशिक्षण आखले आणि ते ब्लेंडरांनी स्वतः द्यावे असा आग्रह धरला. त्यांनी पहिल्याच सत्रात आपल्या पेल्यात पाणी ओतले तेव्हा मागच्या रांगेतल्या एका मुलाने सुटकेचा श्वास सोडलेला मी ऐकला.

सर्वांत जास्त वेळ खोक्याच्या आतल्या झाकणावरच्या मजकुराने घेतला. खोके उघडल्यावर पहिली नजर तिथे जाते आणि त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर तिथेच द्यायचे असे आम्ही ठरवले होते. पहिल्या खर्ड्यात उत्तर एका शब्दाचे होते: 'केव्हाही.' सगळ्यांना तो शब्द आवडला. छोटा होता, मोकळा होता, विक्री विभागाला तर तो हवाच होता. मी तो खर्डा घरी नेला आणि दोन दिवसांनी परत आणून त्यावर काट मारली, कारण तिने कधी असे विचारले होते, आणि केव्हाही हे त्या प्रश्नाला दिलेले उत्तर नव्हते. दमलेल्या, एकट्या, दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी चालवायची असलेल्या माणसालाही ते लागू पडत होते. बैठकीत यावर दीड तास वाद झाला. विक्री विभागाच्या प्रमुखांनी शेवटी वैतागून विचारले, "मॅडम, मग तुम्हीच सांगा ना, कधी?"

त्यावर आम्ही जे लिहिले ते असे: 'चार जण निवांत जमलात की. कोणाला कुठे गाडी चालवत जायचे नसेल तेव्हा. एक भाग ही, चार भाग सोडा, भरपूर बर्फ. उरली तर बूच लावून ठेवा. बारा वर्षे थांबली आहे, आणखी थांबेल.' ब्लेंडरांनी शेवटची ओळ वाचून एक दुरुस्ती सुचवली. बाटलीत भरल्यावर व्हिस्की मुरत नाही, आणि उघडलेली बाटली वर्षानुवर्षे ठेवली तर चव उतरते, म्हणून 'आणखी थांबेल' याऐवजी 'आणखी काही महिने थांबेल' असे लिहायला त्यांनी सांगितले. ओळीची लय त्याने थोडी बिघडली. आम्ही तसेच छापायला पाठवले.